मॉन्टे क्रिस्टो: चीज आधी, कढई नंतर

मिसळीसोबत पाव न मागता स्लाइस ब्रेड मागणाऱ्या आणि वड्याबरोबरही ब्रेडच खाणाऱ्या कोल्हापूरला ब्रेड तळण्याची कल्पना नवी नाही. त्या ब्रेडमध्ये हॅम आणि चीज भरायचे, अंड्याच्या पिठात बुडवून तळायचे आणि वर चक्क पिठीसाखर भुरभुरवून जॅमबरोबर खायचे, हे मात्र ऐकताना विचित्र वाटते. या सँडविचचे नाव मॉन्टे क्रिस्टो. पॅरिसच्या कॅफेंमध्ये 1910 च्या सुमारास दिसू लागलेल्या क्रोक मॉस्यू या हॅम-चीज सँडविचचा हा अमेरिकी भाऊबंद. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये 1967 साली सुरू झालेल्या ब्लू बायू रेस्टॉरंटमुळे तो तिकडे घरोघरी माहीत झाला.

घरी करताना तो बहुतेक वेळा एकाच पद्धतीने फसतो. बाहेरून गडद तपकिरी, कधी करपलेला. आणि आत चीज जसेच्या तसे थंडगार. आच कमी केली तर चीज वितळते, पण ब्रेड तेल पितो. दोन्ही बाजूंनी अडचण. तिचे कारण असे, की या एका सँडविचमध्ये तीन वेगळी तापमाने लागतात. चीज वितळायला साधारण 60 ते 70 अंश सेल्सिअस पुरतात, अंड्यातली प्रथिने 62 पासून 80 अंशांपर्यंत टप्प्याटप्प्याने घट्ट होतात, आणि बाहेरच्या कवचाला खरपूस रंग यायला 140 अंशांच्या वर जावे लागते. तेल 175 ते 180 अंशांवर असते, पण ती उष्णता आत पोचायला वेळ लागतो. ब्रेड म्हणजे हवेचे असंख्य कप्पे, आणि हवा उष्णतेची वाईट वाहक. शिवाय जाडी दुप्पट झाली की मध्यापर्यंत उष्णता पोचायला साधारण चौपट वेळ लागतो. कवचाला मात्र तीन-साडेतीन मिनिटेच मिळतात.

म्हणून चीज वितळवण्याचे काम कढईवर सोपवूच नये. ते आधी तव्यावर उरकून घ्यावे. कढईने फक्त कवच करावे.

दोन सँडविचसाठी ब्रेडचे चार स्लाइस, 100 ते 120 ग्रॅम हॅम, 80 ते 100 ग्रॅम चीज आणि दोन छोटे चमचे मोहरीचा सॉस पुरतो. ब्रेड आदल्या दिवशीचा असावा. ताज्या ब्रेडचा गर ओला आणि लुसलुशीत असतो, पिठात बुडवला की चिखल होतो. ब्रेड थंड झाल्यावर त्यातल्या स्टार्चचे रेणू पुन्हा रांगेत बसून स्फटिकासारखी रचना करू लागतात. याच बदलाला आपण ब्रेड शिळा झाला म्हणतो. अशा गरात थोडा ताठपणा असतो. हा बदल फ्रिजच्या तापमानाला सर्वात वेगाने होतो, म्हणून एका रात्रीसाठी ब्रेड बाहेरच कापडात गुंडाळून ठेवलेला बरा. बेकरीत अख्खा ब्रेड मिळाला तर सेंटीमीटरभर जाडीचे स्लाइस घरीच कापा. मिल्क ब्रेड किंवा गोडसर ब्रेड टाळा, त्यातली साखर कवचाला वेळेआधी काळे करते.

हॅम म्हणजे मीठ आणि सोडियम नायट्राइट लावून मुरवलेला डुकराच्या मांडीचा भाग. शिजवूनही तो गुलाबी राहतो, कारण नायट्राइटपासून तयार होणारा नायट्रिक ऑक्साइड मांसातल्या मायोग्लोबिन या रंगद्रव्याला चिकटून राहतो आणि तापल्यावरही तो गुलाबी रंग टिकतो. कोल्हापुरात कोल्ड स्टोरेजच्या दुकानांत हॅमची बंद पाकिटे पाहावीत. पोर्क चालत नसेल तर चिकन हॅमचे पातळ काप घ्यावेत, शास्त्र तेच राहते. मात्र पाकिटातल्या हॅममध्ये बरेच पाणी मुरवलेले असते. हे पाणी तळताना वाफ होऊन कवच फोडते. म्हणून काप टिश्यू पेपरवर पसरून दोन्ही बाजूंनी टिपून घ्या. ही पायरी सर्रास गाळली जाते, आणि कढईत सँडविच उघडण्याचे ते पहिले कारण असते. (सुक्या मटणाचा मोह कोल्हापुरात होणारच. पण मसाल्यातले तेल आणि ओलावा पीठ धरू देत नाही. ते वेगळे खा.)

चीजबद्दल जरा सविस्तर, कारण घोटाळा इथे होतो. चीज म्हणजे केसिन या प्रथिनाची जाळी, तिच्यात अडकलेली चरबी आणि पाणी. केसिनचे धागे कॅल्शियमने एकमेकांना बांधलेले असतात. तापवल्यावर आधी चरबी पातळ होते, मग जाळी सैल होऊन वाहू लागते. आंबटपणा अगदी जास्त झाला तर कॅल्शियम निघून जाते आणि धागे वाहण्याऐवजी एकमेकांना घट्ट धरतात. लिंबू किंवा सायट्रिक आम्लाने फाडलेले पनीर कितीही तापवले तरी वितळत नाही ते याचमुळे. शिवाय दूध उकळताना निवळीतली प्रथिनेही केसिनला चिकटून बसलेली असतात. त्यामुळे पनीर इथे उपयोगाचे नाही. मूळ पदार्थात ग्रुयेर किंवा एमेंटल जातीचे चीज असते. ते मिळाले तर उत्तम, पण फार तापले तर त्याची जाळी आकसते आणि तूप सुटते. आपल्याकडचे प्रोसेस्ड चीज या बाबतीत उलट जास्त समजूतदार आहे. त्यात सायट्रेट किंवा फॉस्फेटचे क्षार घातलेले असतात. ते कॅल्शियम ओढून घेतात, त्यामुळे केसिन मोकळे होऊन चरबीला धरून ठेवते, आणि चीज एकसारखे, गुळगुळीत वितळते. चव थोडी सपाट असते, ती उणीव मोहरीचा सॉस भरून काढतो. 25 ग्रॅमचे चार क्यूब किसून घ्या. किसलेले चीज अखंड तुकड्यापेक्षा लवकर वितळते.

आता रचना. दोन्ही स्लाइसना आतून मोहरीचा सॉस पुसटसा लावा. एका स्लाइसवर निम्मे चीज, त्यावर हॅम, त्यावर उरलेले चीज, वर दुसरा स्लाइस. हॅम मधोमध हवा, म्हणजे दोन्ही बाजूंचे चीज ब्रेडला आणि हॅमला चिकटवून ठेवते. कडेपासून बोटभर जागा मोकळी सोडा. तवा मंद आचेवर ठेवून, तेल-तूप काहीही न लावता, सँडविच त्यावर ठेवा, वर झाकण ठेवून दीड-दोन मिनिटे, मग उलटून तितकेच. ब्रेडला रंग येऊ द्यायचा नाही. कडेला चीज चमकू लागले की काढून जाळीवर ठेवा, वरून हलक्या हाताने दाबा आणि पाच-सात मिनिटे थांबा. चीज पुन्हा घट्ट होते, पण गार होत नाही. आता तिरके कापून दोन त्रिकोण करा. छोट्या कढईत त्रिकोण सोपे जातात आणि तेलही कमी लागते.

पिठाच्या आवरणासाठी 100 ग्रॅम मैदा, 20 ग्रॅम कॉर्नफ्लोअर, एक सपाट छोटा चमचा बेकिंग पावडर, एक अंडे आणि 120 मिलिलिटर फ्रिजमधले थंड पाणी. मीठ चिमूटभरच, कारण हॅम आणि चीज दोन्ही आधीच खारट आहेत. कॉर्नफ्लोअरमध्ये ग्लुटेन नसते, त्यामुळे कवच चिवट न होता कुरकुरीत होते. मैद्यातले ग्लुटेन ढवळण्याने वाढते, म्हणून पाणी घातल्यावर पीठ फेटत बसू नका. बारीक गुठळ्या राहिल्या तरी चालतील. थंड पाण्यानेही ग्लुटेन मंदावते. पीठ भज्यांच्या पिठापेक्षा थोडे पातळ असावे. चमचा बुडवून वर काढला तर त्याची मागची बाजू झाकलेली दिसली पाहिजे. अंडे इथे फक्त चवीसाठी नाही. त्यातली प्रथिने तेलात पडताच काही सेकंदांत गोठतात आणि सँडविचला शिवण घालावी तशी बंद करतात. बिनअंड्याचे करायचे तर 50 ग्रॅम पातळ ताक चालते, पण ही शिवण कच्ची राहते, चीज सुटण्याची शक्यता वाढते.

पीठ करून ठेवू नका. बेकिंग पावडर ओली झाली की वायू सोडू लागते, आणि अर्ध्या तासाने त्यातला बराच जोर संपलेला असतो.

तेल रिफाइंड शेंगदाण्याचे किंवा सूर्यफुलाचे घ्या. घाण्याचे शेंगतेल चवीला छान, पण गाळलेल्या कच्च्या तेलातले सूक्ष्म कण आणि मुक्त मेदाम्ले यांमुळे ते बरेच लवकर धुरावते. लोणीही नको, त्यातली दुधाची प्रथिने दीडशे अंशांच्या आसपासच करपतात. थर्मामीटर असेल तर 175 ते 180. नसेल तर ब्रेडचा इंचभर तुकडा टाकून पाहा. तो मिनिटभरात सोनेरी झाला तर तेल तयार आहे. दहा-पंधरा सेकंदांतच काळपट झाला तर आच कमी करून थांबा.

तळताना बुडबुडे दिसतात ती पिठातल्या आणि ब्रेडच्या पृष्ठभागातल्या पाण्याची वाफ. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून थोडे उंच असल्याने इथे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळते. तळणीत हा फरक जाणवत नाही. वाफ जोरात बाहेर येत असते तोवर तेलाला आत शिरायला वाट नसते. पृष्ठभागातले पाणी संपत आले की त्याचे तापमान शंभरच्या पुढे सरकते आणि मग खरी चव तयार होऊ लागते. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामिय मेयार यांनी 1912 साली वर्णन केलेली ही अभिक्रिया: प्रथिनांतली अमिनो आम्ले आणि काही विशिष्ट शर्करा एकत्र येऊन तपकिरी रंगद्रव्ये आणि शेकडो सुगंधी संयुगे तयार करतात. पीठ ओले असेपर्यंत ती जवळजवळ थांबलेली असते. म्हणून बुडबुडे कमी होणे ही रंगावर नजर ठेवायला सुरुवात करण्याची खूण.

एका वेळी दोनच त्रिकोण सोडा. प्रत्येक बाजूला साधारण दीड मिनिट. चारसहा एकदम टाकले तर तेलाचे तापमान झपाट्याने उतरते, वाफेचा जोर जातो आणि कवच व्हायला दुप्पट वेळ लागतो. झाऱ्याने सारखे हलवू नका, पहिल्या वीस सेकंदांत तर अजिबात नाही. अंडे अजून गोठलेले नसते.

तेलकटपणाचे मूळ बहुतेक वेळा तळण्यात नसून तळून काढल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात असते. सँडविच बाहेर आले की कवचातली वाफ थंड होऊन आकसते, तिथे निर्वात पोकळी तयार होते आणि पृष्ठभागावरचे तेल आत ओढले जाते. तेव्हा काढतानाच कढईवर काही सेकंद नीट निथळू द्या, लगेच टिश्यू पेपरवर दोन्ही बाजू टिपा आणि मग जाळीवर उभे करा. कागदावरच पडू दिले तर खालची बाजू स्वतःच्या वाफेने मऊ पडते.

आता साखर. ती पिठात का घालू नये, हा प्रश्न कोल्हापुरात जास्तच लागू होतो, कारण साखरेऐवजी गूळ घालायचा मोह होतो. साध्या साखरेतले सुक्रोज मेयार अभिक्रियेत थेट भाग घेत नाही. गुळात मात्र सुक्रोजबरोबर मोकळे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतात, आणि ते या अभिक्रियेला तत्पर असतात. पिठात चमचाभर गूळ घातला तर चीज पुन्हा गरम व्हायच्या आतच कवच काळे. गुळाची पावडर वरून भुरभुरवली तरी तीच शर्करा हवेतला ओलावा ओढून चिकट थर करते. जुलै-ऑगस्टच्या पावसात तर पाहता पाहता. वरून पिठीसाखरच हवी, तीही दोन चमचे साखरेत चिमूटभर कॉर्नफ्लोअर मिसळून, आणि सँडविच काढल्यावर दोन मिनिटे थांबून. वाफ निघत असताना टाकलेली साखर विरघळून नाहीशी होते.

गुळाची खरी जागा ताटलीत, बाजूला. जिल्ह्यातल्या गुऱ्हाळांवर हंगामात मिळणारी काकवी इथे परदेशी रेडकरंट जेलीपेक्षा कमी पडत नाही, फक्त तिला आंबटपणा नाही. तीन मोठे चमचे काकवीत एक छोटा चमचा लिंबाचा रस आणि चिमूटभर मिरचीपूड घालून कोमट करा. उकळू नका, नाहीतर थंड झाल्यावर ती गोळी होऊ लागेल. जॅम हवा असेल तर महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा, कमी साखरेचा.

हॅमच्या मिठाने गोड अधिक गोड का लागते, याचे एक उत्तर जिभेवरच आहे. गोड ओळखणाऱ्या स्वादपेशींमध्ये एसजीएलटी-1 नावाचे एक प्रथिन असते, ते ग्लुकोज आत नेताना सोबत सोडियमही घेते. सोडियम असले की ही वाट नीट चालते, असे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. दुसरी जोडी उमामीची, म्हणजे मांसल, रसदार चवीची: चीजमधले ग्लुटामेट आणि मांसातले इनोसिनेट एकत्र आले की परिणाम बेरजेपेक्षा कितीतरी मोठा होतो. जपानच्या किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये ग्लुटामेटची चव वेगळी ओळखली. इनोसिनेटची ओळख पुढे 1913 मध्ये पटली.

उरलेले त्रिकोण डब्यात बंद करून फ्रिजमध्ये एक दिवस राहतात, साखर न घालता. हॅम आहे, त्यामुळे उन्हाळ्यात ओट्यावर तासाभराहून जास्त ठेवू नका. परत गरम करायचे तर 160 अंशांच्या ओव्हनमध्ये जाळीवर आठ-दहा मिनिटे, किंवा जाड तव्यावर मंद आचेवर, झाकण न ठेवता. मायक्रोवेव्ह नको: तो आतले पाणी तापवून वाफ कवचात ढकलतो, आणि कवच कागदासारखे लोळते.