ठाणे ते ऐरोली, व्हाया सिंगापूर

घोडबंदर रोडवरच्या आमच्या घरात स्पीड टेस्ट छान शंभर दाखवते, पण ऐरोलीतल्या ऑफिसच्या सर्व्हरचा पिंग, म्हणजे संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ, मध्यंतरी ७० मिलिसेकंदांवर गेला. एरवी तो ५-६ असतो. कॉल सेंटरचं पालुपद ठरलेलं: राउटर बंद करून चालू करा.

खरं कारण वेगळंच होतं: डेटा लांबून फिरून येत होता. जुन्या ठाणेकरांना असला वळसा नवा नाही. २००४ मध्ये ट्रान्स-हार्बर सुरू होईपर्यंत लोकलने वाशीला जायचं तर कुर्ल्याला गाडी बदलावी लागे. इंटरनेटचं कुर्ला परदेशात होतं, एवढाच फरक. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला लोकांसाठी इंटरनेट खुलं केलं, १९९८ पासून खासगी कंपन्या आल्या. पण त्यांना आपसांत जोडणारा नाका देशात नव्हता. त्यामुळे शेजारच्या गल्लीतला ईमेलसुद्धा कधीकधी समुद्राखालच्या केबलमधून फिरून यायचा, आणि त्या केबलचं भाडं डॉलरमध्ये. हा हेलपाटा वाचवायला २००३ मध्ये निक्सी ही इंटरनेट कंपन्यांना देशातच जोडणारी संस्था स्थापन झाली. मुंबईतही तिचा नाका झाला.

मग आज हे का होतं? कारण कंपन्यांमधला रस्ता बीजीपी ठरवतो, म्हणजे नेटवर्कांनी एकमेकांना वाटा सांगायचा प्रोटोकॉल. १९८९ मध्ये दोन इंजिनिअरांनी जेवताना नॅपकिनवर त्याचा आराखडा काढला, असं सांगतात. बीजीपी किलोमीटर मोजत नाही, वेळही नाही. आधी करार बघतो: पैसे देणारं गिऱ्हाईक पहिलं, बरोबरीने देवाणघेवाण करणारा दुसरा, ज्याला आपण पैसे मोजतो तो शेवटी. दोन कंपन्यांचं मुंबईत फिसकटलं, की त्यांचे घाऊक पुरवठादार जिथे भेटतील तिथून माल जातो. स्पीड टेस्टचा सर्व्हर बहुधा कंपनीच्याच अंगणात असतो. त्याला या भानगडीचा पत्ताच नसतो.

काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. सिंगापूर इथून साधारण ३,९०० किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन ४० मिलिसेकंद तर नुसत्या अंतराचेच. केबल काही सरळ रेषेत जात नाही, म्हणून प्रत्यक्षात जास्तच. ७० चा आकडा वायफायचा वाटत नव्हता तो यामुळे.

डेटा कुठून कुठून जातो ते ट्रेसराउट नावाची चाचणी ओळीओळीने दाखवते. गंमत म्हणजे माझ्या ट्रेसराउटमध्ये सगळी नावं मुंबईचीच दिसत होती. ट्रेसराउट फक्त जाण्याची वाट दाखवतो, वेळ मात्र दोन्ही वाटांचा मोजतो. शेवटी ऑफिसातल्या मित्राला सर्व्हरवरून माझ्या घराकडे उलटा ट्रेस मारायला लावला. चौथ्याच ओळीत सिंगापूर.