शिंगांची खूण सैतानाची?

कॉलेज रोडवर काळा टी-शर्ट, त्यावर वाचताच न येणारं बँडचं काटेरी नाव आणि फोटोत तर्जनी-करंगळी ताठ केलेली पोरं दिसली की कुणीतरी म्हणतंच, "सैतानाला पूजतात ही!" नाही हो. मेटल या दणदणीत रॉक संगीतात ही खूण रुळवली गायक रॉनी जेम्स डिओनं, १९७९मध्ये ब्लॅक सॅबथ या बँडमध्ये आल्यावर. त्याच्या सांगण्यानुसार ती त्याच्या इटालियन आजीची. दृष्ट लागू नये म्हणून ती अशी बोटं करायची. म्हणजे आपल्या लिंबू-मिरचीचीच बहीण. सैतानी चित्रं काही बँडांनी मुद्दाम वापरली, हे खरं. कोव्हेन या रॉक बँडच्या १९६९च्या अल्बमवर ही खूणही आहे. पण त्यात धक्का देण्याची हौस बरीच. आणि अंगठा मिटायला विसरलात, तर अमेरिकन सांकेतिक भाषेत तेच 'आय लव्ह यू' होतं. गंगापूर रोडच्या कट्ट्यावरचे फोटो जरा निरखून बघा.