बर्लिंगेम, ॲन्सन

(१४ नोव्हेंबर १८२०–२३ फेब्रुवारी १८७०). अमेरिकन वकील, राजकारणी व मुत्सद्दी. मराठेशाहीत परदरबारी नेमलेल्या प्रतिनिधीलाही ‘वकील’च म्हणत. त्या जुन्या अर्थानेही बर्लिंगेम वकील होता आणि तोही एकापाठोपाठ दोन देशांचा : आधी अमेरिकेचा चीनमध्ये, मग चीनचा अमेरिकेत.

जन्म न्यूयॉर्क राज्यातील न्यू बर्लिन येथे. हार्व्हर्डमधून कायद्याची पदवी घेऊन (१८४६) त्याने बॉस्टनला वकिली सुरू केली; पण नाव झाले ते वक्ता म्हणून. १८५५ ते १८६१ तो प्रतिनिधिगृहाचा सदस्य होता. मे १८५६ मध्ये दक्षिण कॅरोलायनाच्या प्रेस्टन ब्रुक्सने गुलामगिरीविरोधी सिनेटर चार्ल्स समनर यास सभागृहातच छडीने बेदम मारले. बर्लिंगेमने भर सभेत त्याची निर्भर्त्सना केली, तेव्हा ब्रुक्सने त्याला द्वंद्वाचे आव्हान दिले. निष्णात नेमबाज असलेल्या बर्लिंगेमने ते तत्काळ स्वीकारले. शस्त्र निवडले रायफल आणि जागा नायगाराजवळची, कॅनडाच्या हद्दीतली. वाटेत शत्रूचा (म्हणजे गुलामगिरीविरोधी उत्तरेकडील राज्यांचा) मुलूख लागतो, अशी सबब सांगून ब्रुक्सने माघार घेतली. उत्तरेत बर्लिंगेमचा जयजयकार झाला. तरीही १८६० ची निवडणूक तो हरलाच.

लिंकनने त्याला व्हिएन्नाला नेमले, परंतु हंगेरियन क्रांतिकारक कोशूतचा हा पाठीराखा ऑस्ट्रियाला नको होता. म्हणून त्याची रवानगी चीनला झाली. पेकिंगमध्ये (आजचे बीजिंग) त्याने ब्रिटिश वकील फ्रेडरिक ब्रूस आदींना बरोबर घेऊन बळजबरीऐवजी वाटाघाटींनी प्रश्न सोडवण्याचे ‘सहकार्याचे धोरण’ राबवले. १८६७ च्या अखेरीस तो पद सोडू लागला, तेव्हा चीनने त्यालाच आपला दूत नेमले. त्याच्यासोबत झीगांग व सुन ज्यागू हे दोन चिनी दूत होते. ब्रिटन-फ्रान्स रुसू नयेत म्हणून त्या देशांचा एकेक चिटणीसही घेतला होता.

२८ जुलै १८६८ रोजी वॉशिंग्टनमध्ये परराष्ट्रमंत्री सीवर्डशी झालेला करार ‘बर्लिंगेम करार’ म्हणून ओळखला जातो. दोन्ही देशांच्या नागरिकांना स्थलांतराची मोकळीक आणि प्रवास व वास्तव्याबाबत इतर परकीयांइतक्याच सवलती त्यात मान्य झाल्या. नागरिकत्वाचा हक्क मात्र दिला नाही. सेंट्रल पॅसिफिक रेल्वेचे रूळ तेव्हा हजारो चिनी मजूर टाकत होते, त्यामुळे अमेरिकेच्या औदार्यात गरजेचाही वाटा होता. बर्लिंगेमच्या भाषणांतला चीन वास्तवाहून बराच गुलाबी असे. चीनमधील पाश्चात्त्य व्यापारी त्यावर संतापले, आणि ते अगदीच विनाकारण नव्हते.

लंडन, पॅरिस व बर्लिननंतर शिष्टमंडळ सेंट पीटर्झबर्गला पोहोचले. तेथेच न्यूमोनियाने त्याचा मृत्यू झाला. १८८० च्या नव्या करारान्वये अमेरिकेने चिनी मजुरांच्या आगमनावर मर्यादा घालण्याचा अधिकार मिळवला व १८८२ च्या चिनी बहिष्कार कायद्याने त्यांना दार बंद केले. या कायद्याची मागणी सर्वांत मोठ्याने झाली ती कॅलिफोर्नियात. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला बर्लिंगेमच्या नावाचे शहर आहे, तेही त्याच राज्यात.