पिंपळ रात्री प्राणवायू सोडत नाही

'पिंपळ चोवीस तास ऑक्सिजन देतो' हा मजकूर दर पावसाळ्यात वृक्षारोपणाच्या फोटोंसोबत फिरतो. तो चूक आहे. पानांतून ऑक्सिजन बाहेर पडतो तो प्रकाशसंश्लेषणात, आणि त्याला उजेड लागतो. काही वनस्पती रात्री कार्बन डायऑक्साइड शोषून साठवतात, भिंतीवर वा दुसऱ्या झाडावर रुजलेल्या कोवळ्या पिंपळातही हे आढळल्याचं सांगतात. पण शोषणं म्हणजे ऑक्सिजन सोडणं नव्हे. रात्री पिंपळही इतर झाडांसारखा श्वसनच करतो.

मुळात हवेत जवळपास २१ टक्के ऑक्सिजन असतोच. एका झाडाने त्यात फरक पडत नाही. तरी झाडाच्या ऑक्सिजनचा हिशेब सुटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने झाडाचं मोल वर्षाला ७४,५०० रुपये धरलं, त्यात ४५,००० निव्वळ ऑक्सिजनचे!

पिंपळाचं खरं देणं वेगळंच. पानांतून उडणाऱ्या बाष्पाने भोवतालची हवा थंड होते. फळांवर हरियल, तांबट, कोकीळ, वटवाघळं जगतात आणि विष्ठेतून बिया लांबवर पेरतात. परागीभवन करते एक इवलीशी गांधीलमाशी, जी वाढते पिंपळाच्याच फळात. महाराष्ट्रात शहरी भागातलं पन्नास वा अधिक वर्षांचं झाड २०२१ पासून कायद्याने 'वारसा वृक्ष' ठरतं. रस्तारुंदीकरणासाठी पिंपळ तोडायला हरकत नोंदवताना ऑक्सिजनऐवजी हे मांडा.