शेवटच्या दिवशी विचारला जाणारा प्रश्न

इसवी सन ५०च्या सुमाराची गोष्ट. थेस्सलनीका या बंदराच्या शहरातली ख्रिस्ती मंडळी तेव्हा नवी होती, मूठभर माणसांची. प्रभू येशू लवकरच परत येणार, बहुधा आपल्या हयातीतच, या आशेवर ती जगत होती. आणि त्यांच्यातलेच काही जण वारले. आता त्यांचं काय? त्यांची वेळ हुकली का? ही मंडळी उभी करणारा प्रेषित पौल, त्याने त्यांना लिहिलेलं पत्र हे बहुधा नव्या करारातलं सर्वांत जुनं लिखाण. त्याच्या चौथ्या अध्यायात तो या लोकांची समजूत घालतो: जे झोपी गेले आहेत ते आधी उठतील, आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका. पण माझं लक्ष दरवेळी दोन वचनं अलीकडे जातं. तिथे तो म्हणतो, शांतपणे राहा, आपापला व्यवसाय करा, आपल्या हातांनी काम करा. युगाचा शेवट दाराशी आला असं मानणाऱ्यांना त्याने हातातलं काम खाली ठेवू दिलं नाही. मरण, न्याय आणि रोजचं जगणं यांची गाठ इतक्या सुरुवातीला बसलेली आहे.

पौलाच्या मागे यहुदी परंपरा होती. जुन्या कराराच्या बहुतेक भागात मेलेले सगळेच अधोलोकात जातात, सज्जन आणि दुर्जन दोघेही. तिथे ना काम, ना देवाची स्तुती. मग इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात चौथा अँटायोकस या राजाने यहुदी धर्माचरणावर बंदी आणली आणि नियमशास्त्र सोडायला नकार देणाऱ्यांना ठार केलं. देवाशी इमान राखलं म्हणूनच जो मारला गेला, त्याला न्याय कधी मिळणार? मातीत निजलेल्यांपैकी पुष्कळ जण जागे होतील, हे जुन्या करारातल्या दानीएलाच्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायातलं वचन बहुतेक अभ्यासक याच काळातलं मानतात. पुनरुत्थानाची आशा अशी अन्याय सोसलेल्यांच्या आक्रोशातून पुढे आली. येशूच्या काळात यहुद्यांच्या दोन पंथांपैकी परुशी ती मानत, सदूकी नाकारत. पौल परुशी होता.

ही आशा ख्रिस्ती बोलण्याचालण्यात इतकी मुरली, की पुरण्याच्या जागेला ग्रीकमध्ये 'निजण्याची जागा' म्हणू लागले. सिमेटरी हा शब्द त्यातूनच आला. हुतात्म्याच्या मृत्यूची तारीख त्याचा जन्मदिवस म्हणून पाळली जाई.

न्यायाचं सर्वांत ठसठशीत चित्र मात्र मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. राजा मेंढरं उजवीकडे आणि शेरडं डावीकडे करतो. कसोटी सहा गोष्टींची: भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याचा समाचार, तुरुंगातल्याची भेट. यातल्या एकीलाही विद्वत्ता लागत नाही, पदही लागत नाही. आणि दोन्ही बाजूंची माणसं सारखीच चकित होऊन विचारतात, 'प्रभू, आम्ही तुला केव्हा पाहिलं?' उजवीकडच्यांनी आपल्या चांगुलपणाची नोंद ठेवलेलीच नव्हती. मृतांना पुरणं हे सातवं काम मध्ययुगात या यादीला जोडलं गेलं, तोबीताच्या पुस्तकावरून.

तिसऱ्या शतकाच्या मध्याला रोमन साम्राज्यात भयंकर साथ आली. अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिशियस याने तेव्हा लिहून ठेवलं, की आपल्यातले कितीतरी चांगले लोक आजाऱ्यांची सेवा करता करता स्वतः गेले. त्यांच्या दृष्टीने न्यायाचा दिवस समोरच्या खाटेवर होता.

पुढच्या शतकांत विचाराचा भार सरकला. प्रभू लवकर येईना, तसा जगाच्या शेवटच्या दिवसापेक्षा प्रत्येकाचा स्वतःचा शेवटचा तास मोठा वाटू लागला. १३३६ साली पोप बारावा बेनेडिक्ट याने शिकवण ठरवून दिली: मरणानंतर आत्म्याचा निवाडा लगेच होतो, शेवटच्या दिवसापर्यंत थांबत नाही. स्वर्गाचा हक्कदार पण अजून पूर्ण शुद्ध नसलेल्यासाठी शुद्धिस्थानाची कल्पना तोवर रुजली होती. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळीने मृतांसाठी प्रार्थना कायम ठेवल्या, शुद्धिस्थानाची शिकवण मात्र स्वीकारली नाही.

त्या काळची भीती बघायची तर फ्रान्समधल्या ओतँ इथल्या कॅथेड्रलचं दार बघावं. साधारण ११३०च्या सुमाराचं कोरीव काम. एका माणसाचं डोकं दोन मोठ्या पंज्यांनी पकडलंय, वरून आलेले नुसते पंजे. जवळच आत्मे तागडीत तोलले जातायत आणि छोटे छोटे जीव देवदूताच्या झग्याला बिलगलेत. मला ते झगा धरलेले जीव पंज्यांपेक्षा जास्त बोलके वाटतात. १७६६ साली तिथल्या धर्मगुरूंनी हे सगळं गिलाव्याखाली झाकून टाकलं. १८३७ मध्ये ते पुन्हा उघडं झालं. गिलाव्यामुळेच ते राज्यक्रांतीच्या धामधुमीत वाचलं, असं म्हणतात.

१३४७ पासूनच्या काळ्या मृत्यूने युरोप उजाड केला. एकाच वेळी इतकी माणसं दगावली की अंथरुणाशी यायला पाद्रीही उरेनात. पंधराव्या शतकात 'नीट कसं मरावं' हे शिकवणारी चित्रपुस्तिका घरोघर फिरू लागली त्यामागे हा अनुभव होता. अकरा चित्रं. मरणाऱ्याला गाठणारे पाच मोह: अविश्वास, निराशा, अधीरता, आपल्या पुण्याचा गर्व आणि मालमत्तेची ओढ. प्रत्येक मोहासमोर देवदूताचा धीर, आणि शेवटी सुटका. गर्वाचं चित्र त्यात आहे हे विशेष. जन्मभर चांगलं वागलेल्यालाही शेवटच्या घटकेला त्या चांगुलपणावर टेकू द्यायचं नाही.

जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर १५१७ साली उभा राहिला तो याच दुखऱ्या जागी. शुद्धिस्थानातली शिक्षा माफ करणारी पत्रं पैसे घेऊन दिली जात होती. तारण कृपेने, विश्वासाने मिळतं, ते कमावता येत नाही, असं त्याने ठासून सांगितलं. मग चांगली कामं कशाला? शेजाऱ्याला त्यांची गरज आहे म्हणून. आईचं, चांभाराचं, मोलकरणीचं काम हेही देवाने दिलेलं पाचारण ठरलं. पाद्री-मठवाशांचा त्या शब्दावरचा मक्ता सुटला. १५२७ साली ल्यूथरच्या विटेनबर्ग शहरात प्लेग आला. तिथल्या राज्यकर्त्याने निघून जा म्हणून सांगितलं, तरी ल्यूथर थांबला, घरात आजाऱ्यांना जागा दिली. ज्यांच्यावर कुणाची जबाबदारी नाही त्यांनी खुशाल जावं, पण ज्याच्या शेजारी आजारी पडलेला आहे आणि दुसरं बघणारं कुणी नाही त्याने हलू नये, असं त्याने तेव्हा लिहिलं.

हाच धागा विसाव्या शतकात सिसली सॉंडर्स या निष्ठावंत अँग्लिकन बाईंकडे येतो. १९४७ साली लंडनच्या एका रुग्णालयात समाजसेविकेचं काम करताना त्यांना डेव्हिड तास्मा भेटला. पोलंडचा यहुदी निर्वासित, कर्करोगाने मरणपंथाला लागलेला. आपल्या जगण्याची काही खूण मागे राहिली नाही, ही त्याची खंत. मरणाऱ्यांना वेदनेविना, माणसांच्या सोबतीत जाता येईल असं घर उभारायचं, यावर दोघं बोलत बसत. १९४८ साली जाताना त्याने पाचशे पौंड त्यांच्या नावे ठेवले आणि म्हणाला, तुमच्या त्या घरात मी एक खिडकी होईन. घराला आणखी एकोणीस वर्षं लागली. मधल्या काळात सॉंडर्स शिकून डॉक्टर झाल्या. १९६७ साली सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस उघडलं. ती खिडकी तिथे आहे.