महाराष्ट्र निसर्ग उद्यान (माहीम नेचर पार्क)

मुंबईत मिठी नदीच्या काठी, सायन-बांद्रा लिंक रोडवर धारावी डेपोसमोर असलेलं सुमारे 37 एकरांचं, म्हणजे साधारण 15 हेक्टरचं, माणसांनी उभं केलेलं जंगल आणि निसर्ग शिक्षण केंद्र. नदीपलीकडे बीकेसीच्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या, काचेच्या इमारती आणि रस्त्यापलीकडे धारावी.

नावाचा गोंधळ आधी सोडवूया. जुने लोक याला अजूनही माहीम नेचर पार्क म्हणतात, पत्ता मात्र धारावीचा. मिठी पुढे माहीमच्या खाडीला मिळते आणि या सगळ्या पट्ट्याला पूर्वी सरसकट माहीमची खाडी म्हणायचे, त्यावरून हे नाव आलं असावं. सरकारी नाव महाराष्ट्र निसर्ग उद्यान.

सुरुवात कधी झाली यावर वेगवेगळी वर्षं सांगितली जातात. इथे आधी शहराच्या कचऱ्याचं डम्पिंग ग्राउंड होतं, ते 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात बंद झालं, आणि साधारण त्याच सुमारास वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या भारतातल्या शाखेने इथे निसर्ग उद्यान करा असं सुचवलं, म्हणून काही जण तिथूनच मोजतात. काही जण 1983 धरतात, कारण त्या सुमारास पक्षीतज्ज्ञ सालिम अली यांच्या हस्ते इथे पहिलं रोप लागलं. 1991 मध्ये जागेला संरक्षित वनाचा दर्जा मिळाला आणि 22 एप्रिल 1994 ला, वसुंधरा दिनी, उद्यान लोकांसाठी खुलं झालं, त्यामुळे माहितीपत्रकांत बहुतेक 1994 सापडतं. पण ती गेट उघडल्याची तारीख झाली. जंगलाचं वय झाडांवरून मोजायचं तर 1983 च जास्त योग्य वाटतं, कारण लोकांना आत घेतलं तेव्हा झाडं दहा वर्षांची झाली होती. सालिम अली 1987 मध्ये गेले, त्यांना हे उद्घाटन बघता आलं नाही याची खरंच हळहळ वाटते.

कचऱ्यावर झाडं लावणं म्हणजे नुसते खड्डे खणून रोपं लावणं नाही. खाली ओला कचरा कुजत राहतो, त्यातून मिथेन निघतो, मुळांना हवा मिळत नाही, जमीन वर्षानुवर्षं खचत राहते आणि प्लास्टिकच्या थरात पाणी अडतं. म्हणून आधी वर मातीचा थर द्यावा लागतो, चिवट झाडं आधी लावावी लागतात आणि पडलेला पाला झाडून न टाकता तिथेच कुजू द्यावा लागतो, म्हणजे हळूहळू वरची माती तयार होते. सोसायटीच्या गार्डनमध्ये पाला दिसला की झाडू निघतो, इथे मात्र तो पालाच जमीन धरून ठेवतो. पाण्यासाठी पावसाचं पाणी तळ्यात साठवतात. नदीच्या बाजूला खारफुटी आहे. पक्ष्यांच्या शंभरावर जाती इथे नोंदल्या गेल्यात, फुलपाखरंही भरपूर.

उद्यान एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, विकसित केलं. मूळ हेतू बागेचा नव्हताच, शाळेच्या मुलांना झाडं, किडे, पक्षी, माती हे पुस्तकाबाहेर दाखवायचं हा होता. म्हणून इथे शिक्षण केंद्र आहे, पायवाटा आहेत, रोपवाटिका आहे आणि सहली येत असतात. झोके-घसरगुंडी शोधत येणाऱ्यांना हे पटकन कळत नाही.

धारावी पुनर्विकासात ही जागा जाणार का, अशी भीती बरीच वर्षं होती. कागदावर उद्यान पुनर्विकासाच्या अधिसूचित हद्दीत धरलं गेलं होतं म्हणून निसर्गप्रेमींनी विरोध केला, प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं, आणि 2023 मध्ये तिथे सांगण्यात आलं की उद्यान या प्रकल्पाचा भाग नाही.