मनगटमोडी तलवार

१८४० साली अमेरिकन लष्कराने घोडदळासाठी फ्रेंच नमुन्यावरून एक तलवार ठरवली. पातं रुंद, किंचित वाकडं, जवळपास ९० सेंटिमीटर लांब. स्वारांनी तिचं नाव ठेवलं 'ओल्ड रिस्टब्रेकर', म्हणजे आपल्या भाषेत मनगटमोडी. स्वाराचा एक हात लगामात अडकलेला, त्यामुळे ही तलवार एकाच हाताने पेलायची. वार हुकला की भरकटलेलं पातं पुन्हा वळवून आणताना सगळा ताण मनगटावर यायचा.

तलवार नुसती उचलायची नसते, फिरवायची असते. फिरवताना वजन किती याइतकंच ते मनगटापासून किती लांब आहे हेही पाहावं लागतं, आणि हा परिणाम अंतराच्या वर्गाने वाढतो. मनगटापासून १० सेंटिमीटरवरचं एक ग्रॅम पोलाद आणि ८० सेंटिमीटरवरचं एक ग्रॅम पोलाद तराजूत सारखंच भरेल. पण फिरवायला लागा, दुसरं ६४ पट जड पडतं! म्हणून १८६०च्या नव्या नमुन्यात पातं अरुंद केलं, जेमतेम अडीच सेंटिमीटर. पात्यावरून लांबवर उतरणारी पन्हळ रक्त वाहून जाण्यासाठी असते, असं आजही ऐकू येतं. ते खरं नाही. पन्हळीमुळे पात्याचं वजन घटतं आणि ताठपणा मात्र फारसा कमी होत नाही.

खरी कसोटी पोलादाला पाणी देताना लागते. लालभडक पातं एकदम थंड केलं की ते कठीण होतं, पण काचेसारखं ठिसूळही. मग ते बेताने पुन्हा तापवायचं, म्हणजे थोडा कठीणपणा जातो आणि चिवटपणा येतो. मॅसॅच्युसेट्समधल्या चिकोपी गावी एम्स कंपनीच्या कारखान्यात अशी पाती घडत. सरकारी तपासनीस ती पारखून घेत आणि पसंत पडलेल्या पात्यावर मुठीलगत 'यू. एस.', साल आणि स्वतःची आद्याक्षरं ठोकत. कुणाकडे अशी तलवार असेल तर कळकळीने सांगतो, ती पॉलिश पेपरने घासू नका. गंजाबरोबर ही अक्षरंही जातात आणि ती परत आणता येत नाहीत.

अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण राज्यांमध्ये यादवी युद्ध पेटलं होतं. ९ जून १८६३ रोजी व्हर्जिनियातल्या ब्रँडी स्टेशनला दोन्ही बाजूंचे हजारो स्वार तलवारी उपसून एकमेकांना भिडले. पण त्या यादवी युद्धात उत्तरेच्या डॉक्टरांनी नोंदवलेल्या सुमारे अडीच लाख जखमांमध्ये तलवारीच्या आणि संगिनीच्या मिळून हजारही नव्हत्या. बाकी बहुतेक जखमा गोळ्यांच्या.

तरीही १९१३ साली लष्कराने नवी तलवार काढली. तिचा आराखडा जॉर्ज पॅटन या तरुण लेफ्टनंटचा. १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये तो आधुनिक पेंटॅथलॉन या पाच खेळांच्या स्पर्धेत पाचवा आला होता आणि फ्रान्समध्ये सोम्यूरला तलवारबाजी शिकला होता. त्याने पात्याचा बाक काढूनच टाकला. स्वाराने वार करायचा नाही, हात पुढे ताणून टोक रोखायचं आणि घोड्याचा सगळा वेग त्या इवल्याशा टोकामागे लावायचा. मला तरी अमेरिकन घोडदळाची ही सर्वांत विचारपूर्वक घडवलेली तलवार वाटते. स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यात ती हजारोंनी तयार झाली. तोवर रणांगणावर मशीनगन आली होती, आणि १९३४ साली घोडदळाच्या कमरेची तलवार उतरली.